नाव कुणाचे?

परवा दांडीला एका स्नेह्यांकडे उतरलो होतो. ओटीवर वारली चित्राचे कॅलेंडर. "सारी एकाच साच्याची हो!" यजमान म्हणाले. मी गप्प, वर्गात मीही हेच सांगत आलो!

ग्रीसमध्ये जन्मलेला यानिस कुनेलिस चित्राच्या जागी कोळसा नि गोणपाट मांडी. १९६९ साली रोमच्या एका दालनात त्याने बारा जिवंत घोडे बांधले. त्याला आपण प्रयोग म्हणतो. आणि सवाशिणींनी पिठाने भिंतीवर लिहिलेली ही कला गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी कागदावर, शेणाने सारवलेल्या कापडावर नेली, त्यावर मासेमारीचे अख्खे जाळे विणले, तो मात्र साचा! २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तरीही.

उठून कॅलेंडरवर चित्रकाराचे नाव शोधले. छापखान्याचे तेवढे होते.