डब्यातली जिवंत पिल्लं मोजता, मेलेली कोण मोजणार?

राजेहो, मृग लागला की आपल्या अमरावती-अकोल्याकडे एक फोटो हमखास फिरते. प्लास्टिकचा डबा, त्यात ओली रेती नाहीतर कोकोपीट, आणि चिरलेल्या अंड्यांतून डोकावणारी नागाची किंवा धामणीची पिल्लं. वर लिहिलेलं राहते, ‘सर्पमित्राने दिले इतक्या पिल्लांना जीवदान’. खाली हात जोडलेले, टाळ्या, हर हर महादेव. मीही असे हात जोडले आहेत. एवढंच कायले, तो डबा एकदा माझ्याच घरी होता. म्हणून आज जे लिहितो ते दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. पण लिहितो स्पष्ट. राग येईल काही जणांना, येऊ द्या.

दर्यापूरकडच्या एका वावरात पऱ्हाटीचा ढीग उचलताना धामणीची ९ अंडी निघाली. मालक म्हणे, “घेऊन जा भाऊ, इथं ठेवसान तर पोट्टे फोडतीन.” मी ती पिशवीत घातली, गाडीच्या डिक्कीत टाकली आणि खड्ड्याखड्ड्यातून घरी आणली. जशी हाती आली तशी डब्यात मांडली. पंधरा दिवसांत ६ अंड्यांवर बुरशी. राहिलेल्या ३ मधून पिल्लं निघाली. फोटो त्या तिघांचा काढला आणि ‘जीवदान’ही तिघांचंच लिहिलं. सहाचं नाव नाही. तिघांपैकी एक पहिली कात टाकायच्या आधीच सुकून मेलं. दोन मी छत्री तलावाकडे सोडली. जगली का? मले माहीत नाही.

ती सहा काहून मेली, हे मले फार उशिरा समजलं. आपण लहानपणापासून कोंबडी पाहतो. कोंबडी अंडं उलटंपालटं करत राहते, म्हणून आपल्याला वाटते अंडं हलवलं तर काय बिघडते. सापाचं तसं नाही. अंडं घातल्यावर दिवसा-दोन दिवसांत आतला गर्भ वरच्या बाजूला कवचाला आतून चिकटतो. मग ते अंडं पालथं झालं की गर्भ खाली दबू शकतो, गुदमरू शकतो. ज्याला हे माहीत आहे तो अंड्याला हात लावायच्या आधी वरच्या बाजूला पेन्सिलीनं खूण करतो आणि तसंच्या तसं उचलतो. डिक्कीत घालून गावभर फिरवत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. या अंड्याचं कवच टणक नसते, चामड्यासारखं राहते. ते मातीतून ओल ओढून फुगते. रेती कोरडी पडली की अंड्याला खळगे पडतात, जास्त ओली झाली की बुरशी धरते. तिसरी गोष्ट उन्हाची. आपल्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो हे कोणाले सांगायची गरज नाही. पण वारुळात, उंदराच्या बिळात हात-दीड हात खाली ती आग पोचत नाही, दिवस-रात्रीचा फरकही फार नसतो. नागाच्या अंड्यांना तिथं साधारण दोन महिने लागतात. नागीण जवळ राहून राखण करते, पण ऊब जमिनीची असते. आपण काय करतो? टिनाच्या खोलीत डबा ठेवतो, दुपारी तो तापला की कूलरसमोर सरकवतो, रात्री लाईन गेली की पुन्हा उकाडा. आणि पेपरात छापून येते ‘अंडी उबवली’.

पिल्लं निघाली की खरा तमाशा सुरू होतो. पिल्लू कवचाला चीर पाडते आणि डोकं बाहेर काढून तसंच बसून राहते, कधी अख्खा दिवस, कधी त्याहून जास्त. तेवढ्या वेळात ते उरलेला बलक पोटात ओढून घेत असते. त्याची पुढच्या दिवसांची शिदोरी तीच. आपल्याला मात्र व्हिडिओ पाहिजे, म्हणून कोणी बोटानं कवच फाडून ‘मदत’ करते. रक्त येते, बलक बाहेर लोंबतो, आणि ते पिल्लू ‘अशक्त होतं’ म्हणून मेलं असं आपण सांगतो.

मग खाऊ घालायची घाई. आठवडाभरात, कधी दोन आठवड्यांत, पहिली कात पडते. तोवर बहुतेक पिल्लं काही खातच नाहीत, त्यांना गरजही नसते. तरी चिमट्यानं तोंड उघडून उंदराचा तुकडा कोंबणारे लोक मी पाहिले आहेत. तोंड फाटते, पिल्लू उलटी करते, पुन्हा कोंबतात. धामणीचं पोर रानात बेडकाच्या मागं धावते, चिमट्यातला मेलेला तुकडा त्याला अन्न वाटतच नाही. खरी गरज असते ओलाव्याची, लपायला जागेची आणि एकटं सोडण्याची. आपण देतो उघडा डबा, मोबाईलचा उजेड आणि शेजारच्या लेकरांच्या हातांची रांग.

लेकरांवरून सांगतो. नागाचं पिल्लू अंड्यातून निघाल्या दिवसापासून विषारी असते आणि फणाही काढते. ‘लहान आहे, काही करत नाही’ हे साफ खोटं. जेमतेम वीतभर, बोटाएवढा जीव, हवेसाठी पाडलेल्या भोकातूनही निसटतो. मग घरातल्या बाईनं रात्री दिवाणाखाली हात घालायचा का? २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं मेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यात बहुतेक आपल्यासारख्या खेड्यापाड्यातली. अशा देशात नागाच्या पिल्लांचा डबा टीव्हीशेजारी ठेवणं याला मी हिंमत म्हणत नाही.

आता मित्र मले म्हणतीन, रानातही बहुतेक पिल्लं मरतातच. मरतात. मुंगूस खाते, मोर खातो, घोरपड खाते, शिक्रा उचलून नेतो. ते मरण कोणाच्या तरी पोटात जाते. माझ्या डब्यातली सहा अंडी उकिरड्यावर गेली.

दुसरा सवाल जास्त खरा आहे. लोक अंडी फोडतात, मग आणायची नाहीत तर काय करायचं? त्या दर्यापूरच्या मालकाचं काही चुकलं नव्हतं, त्याले खरंच भेव होतं. पण तिथं माझं काम अंडी उचलायचं नव्हतं, अर्धा तास बसून बोलायचं होतं. धामण उंदीर खाते, तुमची तूर-हरभऱ्याची कोठी राखते, तिले विष नाही, हे त्याच्या पोरांसमोर सांगायचं होतं. ढिगाचा तेवढा कोपरा दोन महिने तसाच ठेवा म्हणायचं होतं. नाहीच जमलं, पाया खोदून राहिले किंवा जेसीबी दारात उभा आहे, तर वनविभागाला फोन करून, खूण करून, न उलटवता, त्याच वावराच्या धुऱ्यावर सावलीत खड्डा करून हलवायची. डबा हा शेवटचा उपाय. तोही केला तर पिल्लं बलकावर जगत आहेत तोवरच, दोन-चार दिवसांत, जिथली होती तिथंच सोडायची. पोहऱ्याच्या जंगलात, काटेपूर्ण्याला किंवा आपल्या सोयीच्या तलावावर नेऊन टाकायची नाहीत.

कायदा तर आपल्यापैकी कितीजणांनी वाचला? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी खराब करणं, अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं येते. २०२२ च्या दुरुस्तीनं नाग, घोणस, धामण पहिल्या अनुसूचीत गेले, म्हणजे वाघाच्या रांगेत. परवानगीशिवाय त्यांची पिल्लं घरी ठेवणाऱ्याचे हात कितीही प्रेमळ असोत, कायद्याच्या नजरेत तो कोण, हे ज्यानं त्यानं पाहावं.

आणखी एक गंमत. हल्ली पोरांना विदेशी सापांची हौस लागली आहे, बॉल पायथन वगैरे. त्यासाठी केंद्रानं २०२४ मध्ये नियम काढले. परिवेश पोर्टलवर नोंदणी करा, पिल्लं झाली तर कळवा, मेलं तरी कळवा. म्हणजे आफ्रिकेतल्या सापाच्या मरणाची नोंद आहे, आणि बडनेऱ्याच्या, मूर्तिजापूरच्या नागाचं पिल्लू डब्यात मेलं तर वहीत एक ओळ नाही!

जुलै २०२५ मध्ये आपले पालकमंत्री बावनकुळे साहेबांनी सर्पमित्रांना ओळखपत्र आणि १० लाखांच्या अपघात विम्याची गोष्ट काढली. चांगलंच आहे, जीव धोक्यात घालून फिरणारी पोरं आहेत ही. पण ओळखपत्रासोबत एक वहीही द्या. अंडी कुठं सापडली, किती, कोणी हलवली, किती खराब झाली, किती फुटली, किती मेली, कुठं सोडली. दर महिन्याला ती वनपरिक्षेत्र कार्यालयात दाखवायची. ज्याची वही कोरी त्याचं ओळखपत्र पुढच्या वर्षी थांबवा. आणि पत्रकार मित्रांनो, ‘जीवदान’ छापायच्या आधी एकच प्रश्न विचारा: एकूण अंडी किती होती?

माझी नोंद मी इथंच करतो. धामण, दर्यापूरकडचं वावर. अंडी ९. बुरशीनं गेली ६. फुटली ३. डब्यात मेलं १. भलत्याच ठिकाणी सोडली २. परवानगी घेतली नव्हती.

आता तुमची खाली लिहा.