उंदीर किती जगला, एवढेच विचारू नका

अमुक औषधाने उंदीर जास्त जगले, अशी बातमी आली की म्हातारपणावर इलाज सापडल्यासारखे वाटू लागते. पण आयुष्य वाढणे वेगळे आणि हातपाय धड राहणे वेगळे. बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात, तरी उतारवयात त्याच अधिक जर्जर दिसतात. तेव्हा प्रयोगशाळेतल्या उंदरांचे नुसते दिवस मोजून भागणार नाही, त्यांची जर्जरताही मोजायला हवी. ती मोजता येते. लिंडा फ्रीड यांच्या गटाने २००१ मध्ये माणसासाठी पाच लक्षणे ठरवली: नकळत घटलेले वजन, थकवा, हाताची ढिली पकड, मंद चाल, कमी हालचाल. यांतली तीन असली की माणूस जर्जर. कॅनडातल्या संशोधकांनी शरीरातल्या उणिवा मोजून त्यांचा निर्देशांक काढण्याची दुसरी पद्धत रूढ केली. तिथल्याच सुसान हाउलेट यांच्या गटाने २०१४ मध्ये ती उंदरासाठी ३१ बाबींत बसवली: विरळ केस, पाठीचा बाक, कंप, चाल, नजर. बहुतेक बाबींना शून्य, अर्धा किंवा एक गुण. सुई नाही, चिरफाड नाही. त्यामुळे तोच उंदीर पुन्हा पुन्हा तपासता येतो, आणि प्राण्यांच्या हालांवरच्या रास्त आक्षेपाचा काही भाग तरी इथे निकालात निघतो.

उंदराला एकटेपण नाही, जिने नाहीत, औषधांच्या खर्चाची चिंता नाही, असे कोणी म्हणेल. खरेच आहे, आणि जर्जरतेची ती बाजू उंदराकडून कधीच कळणार नाही. थकवा तर त्याला विचारताही येत नाही. पण स्नायू का झिजतात, शरीरात मंद दाह का धुमसत राहतो, हे माणसात पाहायला दशके लागतात. उंदराचे सारे आयुष्य दोन-तीन वर्षांत आटोपते. माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे. प्रयोगशाळेतला उंदीर पोटभर खातो, बसून राहतो, लठ्ठ होतो, आणि बहुतेक वेळा तो तरुणच असतो. जनुक बदलून दाह वाढवलेला उंदीर सोयीचा खरा, पण ते आजारपण झाले, वय नव्हे. म्हातारे उंदीर महाग पडतात, कारण दोन वर्षे त्यांना पोसावे लागते. तरीही अमेरिकेत २००९ मध्ये रॅपामायसिन या औषधाची चाचणी मिश्र वंशाच्या उंदरांवर, तीन ठिकाणी, त्यांच्या वयाच्या ६०० व्या दिवसापासून झाली. माणसाच्या हिशेबात ही जवळपास साठी. आयुर्मर्यादा माद्यांत १४ आणि नरांत ९ टक्के वाढली. एवढी काटेकोर चाचणी आयुष्यासाठी जमते, तर पकड आणि चाल यांसाठीही जमावी. तसे आकडे हाती नसताना दीर्घायुष्याच्या गोळ्या विकणाऱ्यांनी निदान उंदराचा दाखला देऊ नये.