देवगिरीची मशीद : वाद खांबांचा, अडचण 100 मीटरची

छत्रपती संभाजीनगर : मार्च 2025 मध्ये खुलताबादच्या औरंगजेबाच्या कबरीवरून वाद पेटला, नागपुरात दंगलही झाली. तेव्हापासून जिल्ह्यातल्या जुन्या वास्तूंबद्दलचे मेसेज काही थांबत नाहीत. त्यात दौलताबाद किल्ल्यातली जामा मशीद हमखास असते. एक मेसेज म्हणतो हे देऊळच होतं, दुसरा म्हणतो मशीदच आहे. दोघंही अर्धंच सांगतात.

1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर चाल केली आणि रामचंद्रदेव यादवांना खंडणी कबूल करावी लागली. पुढे 1318 मध्ये कुत्बुद्दीन मुबारक खिलजीने हरपालदेवाला मारून यादवांचं राज्यच संपवलं. मशीद त्याच सुमाराची. राज्यातल्या सगळ्यात जुन्या मशिदींत ती मोडते.

आत गेलं की पहिले डोळ्यात भरतात ते खांब. ते यादवकाळातल्या देवळांचे, नक्षीसकट आणून उभे केलेले. खांबावर आडवा दगड टाकून छत पेलायची ही पद्धतही इथल्या देवळांचीच. पण पुढचं मोठं मोकळं अंगण आणि पश्चिमेची भिंत मशिदीच्या मापाची. म्हणजे दगड देवळांचे, आखणी मशिदीची. देवळं मोडली हे लपवायचं कारण नाही, आणि हे बांधकाम मशिदीचं आहे हेही. समोरचा चांद मिनार त्यानंतर शंभरेक वर्षांनी बहामनींनी उभारला.

1948 च्या पोलीस ॲक्शननंतर इथे भारतमातेची मूर्ती बसवली गेली. आज बरेच लोक या जागेला भारतमाता मंदिर म्हणूनच ओळखतात.

मग कायदा काय म्हणतो? 1991 च्या कायद्याने प्रार्थनास्थळं 15 ऑगस्ट 1947 ला होती तशीच ठेवायची आहेत, पण 1958 च्या कायद्याखालची प्राचीन स्मारकं त्यातून वगळलेली आहेत. देवगिरी किल्ला त्यात येतो, तो पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. इथला दगड हलवणं तर सोडाच, खांबावर नाव कोरलं तरी गुन्हा आहे.

याच 1958 च्या कायद्यातली एक गोष्ट मात्र मेसेजमध्ये कुणी टाकत नाही. 2010 च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी, आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगीशिवाय काही बांधता येत नाही. हे मोजमाप मशिदीच्या भिंतीपासून नसतं, हद्दीपासून असतं. किल्ल्याला खेटून राहणाऱ्या माणसाचं घरकुल मंजूर झालं तरी जागा 100 मीटरात आली की काम अडतं. पोराचं लग्न ठरलं, एक खोली वाढवायची, तरी तेच. विनापरवाना काम केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

ही मर्यादा सार्वजनिक कामांसाठी सैल करणारं विधेयक जानेवारी 2018 मध्ये लोकसभेत मंजूर झालं, पण राज्यसभेत अडकलं. तेही सरकारी कामांसाठी होतं, गावकऱ्याच्या खोलीसाठी नव्हे.

एक वाट मात्र आहे. 100 मीटरच्या आतलं घर 16 जून 1992 च्या आधीचं असेल, तर दुरुस्तीसाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. घर तेव्हाचं आहे हे दाखवायला ग्रामपंचायतीचा जुना नमुना 8 आणि घरपट्टीच्या पावत्या जपून ठेवलेल्या बऱ्या.