आधी ऊब, मग औषध

येरमाळ्याच्या पंचक्रोशीत हौसेने साप पाळणारे घर बहुधा सापडणार नाही. सोलापूर-धुळे महामार्गावरचे, बालाघाटाच्या रांगेतले हे गाव लोकांना ठाऊक आहे ते येडेश्वरी देवीच्या चैत्री यात्रेमुळे. भोवती सोयाबीन, तूर, ज्वारीची शिवारे. इथल्या पशुवैद्यकाचा दिवस गाई-म्हशी, शेळ्या आणि कृत्रिम रेतनातच जातो. पण बंदिवासातला साप अशा दवाखान्यात येत नाही, असे समजून चालणार नाही. तो सर्पमित्राच्या बरणीतून किंवा वनरक्षकाच्या गोणपाटातून येतो, आणि तो मांडूळ असण्याची शक्यता मोठी असते.

महाराष्ट्रात चोरून सर्वाधिक ठेवला जाणारा साप मांडूळच असावा. ‘वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटी-इंडिया’ने २०१६ ते २०२१ या काळातल्या मांडूळ-जप्तीच्या १७२ घटना संकलित केल्या, त्यांत सर्वाधिक, म्हणजे ५९, एकट्या महाराष्ट्रातल्या होत्या. गुप्तधन दाखवतो, दोन तोंडांचा असतो, असल्या समजुतींवर हा बाजार उभा आहे आणि भाव ठरतो वजनावर. त्यामुळे भुसभुशीत मातीत राहणारा हा साप महिनोन् महिने बादलीत नाहीतर माठात कोंडला जातो. वजन वाढावे म्हणून त्याच्या घशात अंडी, दूध, खिमा कोंबला जातो. पोटात जड वस्तू सारल्याच्याही बातम्या येऊन गेल्या आहेत. पुढे छापा पडतो, साप ‘मुद्देमाल’ होतो आणि न्यायालयाचा आदेश येईपर्यंत पुन्हा एका डब्यात बसतो. मग कुणाच्या तरी लक्षात येते की पोट फुगलेले आहे आणि साप विष्ठा टाकत नाही. पुण्या-मुंबईत परदेशी बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक पाळणारे नेमकी हीच तक्रार घेऊन येतात. जात वेगळी, घर वेगळे, दुखणे मात्र एकच.

हे दुखणे फार क्वचित आतड्यात सुरू होते. ते पेटीत सुरू होते. या अंकातले लेख वाचण्याआधी एवढी एक गोष्ट वाचकांनी मनात पक्की धरावी.

किती दिवस झाले, हा पालकांचा पहिला प्रश्न असतो आणि आपणही त्याच्यात अडकतो. गाय दोन दिवस शेण टाकत नसेल तर धावपळ करावीच लागते. सापाचा हिशेब निराळा. चपळ, सडपातळ जाती खाल्ल्यानंतर काही दिवसांत मोकळ्या होतात. बॉल पायथन महिनाभर थांबला तरी तेवढ्यावरून त्याला आजारी म्हणता येत नाही. जाडजूड, एका जागी दबा धरून बसणाऱ्या घोणसवर्गीय सापांत तर विष्ठा साठवून ठेवणे हा देहधर्मच दिसतो. हार्वे लिलीव्हाइट आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आफ्रिकेतल्या एका गॅबून व्हायपरने ४२० दिवस विष्ठा धरून ठेवल्याची नोंद आहे. म्हणून दिवस मोजण्यापेक्षा शेवटची शिकार कधी खाल्ली, केवढी खाल्ली, त्यानंतर पांढरा युरेट तरी पडला का, भूक आहे का, मागचा भाग सुजलेला आहे का, हे विचारावे. खाल्लेच नसेल तर पडणार काय? उपाशी सापाला रेचक दिल्याची उदाहरणे आपल्या व्यवसायात घडतात, ही खेदाची गोष्ट आहे.

खाल्ल्यानंतर सापाच्या शरीरात जे घडते ते आपल्या नेहमीच्या कोणत्याही रुग्णात घडत नाही. बर्मीज अजगरावरच्या स्टीफन सेकॉर यांच्या कामातून दिसले की मोठ्या शिकारीनंतर दिवसभरात लहान आतड्याचे वजन जवळपास दुप्पट होते, चयापचय कित्येक पटींनी वाढतो, हृदयसुद्धा वाढते. हा सगळा खटाटोप बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर चालतो. बॉल पायथनला पेटीच्या एका टोकाला ३१-३२ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २६ अंशांच्या आसपास लागते, म्हणजे तो हवे तेव्हा सरकू शकतो. डिसेंबर-जानेवारीत बालाघाटावर रात्रीचा पारा पार खाली उतरतो. त्या थंडीत लादीवर ठेवलेल्या बादलीतल्या मांडुळाने नुकताच उंदीर गिळला असेल, तर तो पचण्याऐवजी पोटात कुजू लागतो. साप एकतर ओकतो किंवा आतड्याची हालचाल मंदावून सगळे साचते. बिळात असता तर तो खोल उबेला गेला असता, आणि थंडीत मुळात खाल्लेही नसते.

दुसरे कारण पाणी. सापाला मूत्राशय नसते. मूत्रपिंडातून येणारे युरिक आम्ल क्लोएकात विष्ठेला मिळते आणि तिथे पाणी आणखी शोषले जाते. पाणी कमी पडले की हाच पांढरा लगदा वाळून खडूसारखा होतो आणि वाट अडवतो. मागे केस, नखे, दात यांचा गोळा बसतो. डब्यात पाण्याचे भांडे ठेवायला विसरणे, एवढ्याशा चुकीतून हे होते. वाळू, भुसा, कोकोपीट शिकारीसोबत पोटात जाणे, फार मोठी शिकार, लठ्ठपणा, हलायला जागा नसणे, जंत, गाठी, क्लोएकाजवळचे गळू ही कारणे त्यानंतर येतात.

तपासताना साप एकाने मानेमागे आणि मधे आधार देऊन धरावा, दुसऱ्याने बोटांच्या टोकांनी पोटाकडून हळूहळू शेपटीकडे जावे. विषारी साप असेल तर अनुभवी सर्पमित्राने नळीत घेतल्याशिवाय हात लावू नये. गेल्या दोन दिवसांत खाल्ले असेल तर पोट चाचपणे पुढे ढकलावे, नाहीतर उलटी होते. मागच्या हिश्शात लागणारी प्रत्येक गाठ विष्ठा नसते. मूत्रपिंडे तिथेच असतात. ती लांबट, खंडाखंडांची लागतात आणि जागची हलत नाहीत, तर विष्ठेचा गोळा बोटाखाली थोडा सरकतो. मांडुळाची मादी अंडी घालत नाही, पिल्ले देते. गाभण मादीला बद्धकोष्ठ ठरवून पोट दाबत बसलो तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. शंका असेल तिथे एक्स-रे काढावा, सोनोग्राफी करावी. जप्तीतल्या मांडुळाचा एक्स-रे तर काढलाच पाहिजे.

उपचार साधे आहेत, फक्त क्रम चुकवू नये. सापाला आधी योग्य तापमानात आणावे. मग झाकणाला भोके असलेल्या टबात २८ ते ३० अंशांचे पाणी, सापाच्या अंगाच्या जाडीपेक्षा उथळ, वीस-तीस मिनिटे, आणि समोर माणूस बसलेला. थर्मामीटर वापरावा, कोपर बुडवून अंदाज करू नये. अशक्त साप तेवढ्या उथळ पाण्यातही बुडून मरतो. डोळे खोल गेलेले, कातडीला सुरकुत्या असतील तर दिवसाला किलोमागे १० ते २५ मिलि द्रव, कोमट करून, त्वचेखालून द्यावा. हे सगळे काही दिवस नीट केले तर बऱ्याच सापांचे पोट त्यानेच मोकळे होते. नाही झाले तर मऊ रबरी कॅथेटरला जेल लावून, कोमट सलाइनचा थोडासा एनिमा, घाई न करता. साबणाचे पाणी नको, फॉस्फेट एनिमा नको. गोळा दाबून पुढे ढकलण्याचा मोह टाळावा, ताणलेले आतडे फाटते. अडथळा नाही याची खात्री झाल्याशिवाय मेटोक्लोप्रमाइड देऊ नये. आतडे खरोखरच अडले असेल तर शस्त्रक्रिया. तिथे छेद पोटावरच्या रुंद खवल्यांच्या मध्यातून न घेता बाजूच्या खवल्यांच्या पहिल्या-दुसऱ्या रांगेमधून घ्यावा, कारण मध्यरेषेच्या आतून मोठी शीर जाते.

जनावरांच्या दवाखान्यातल्या दोन सवयी इथे जीवघेण्या ठरतात. पहिली, लिक्विड पॅराफिन किंवा एरंडेल तोंडातून पाजण्याची. बैलाचा जबडा वर करून बाटली रिकामी करायची सवय असलेल्या हाताला सापाची श्वासनळी तोंडात अगदी पुढे उघडते याचे भान राहत नाही. तेल फुप्फुसात जाते आणि पोटाचा रुग्ण न्यूमोनियाने दगावतो. नागपंचमीच्या काळात गारुड्यांकडून सोडवलेल्या तहानलेल्या नागांचे दुधाने हेच होते. दुसरी सवय डोसाच्या अंदाजाची. जंतांसाठी आयव्हरमेक्टिन किलोला ०.२ मिग्रॅ धरले, तर गाईंसाठीच्या एक टक्का इंजेक्शनमधून एक किलोच्या सापाला लागते फक्त ०.०२ मिलि. नेहमीच्या सिरिंजवर तेवढी रेघच नसते. आधी वजन करावे, औषध पातळ करून घ्यावे किंवा इन्सुलिन सिरिंज वापरावी. विष्ठेची तपासणी न करता जंतांचे औषध देऊच नये.

कायद्याचे थोडक्यात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार मांडूळ, धामण, नाग यांसारखे देशी साप पाळता येत नाहीत; असा ‘पाळीव’ रुग्ण आला तर उपचार करावेत आणि वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतल्या परदेशी जातींसाठी २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी लागते. केसपेपरवर तिची नोंद घ्यावी.

शेवटी दाखल्याबद्दल. जप्त साप निसर्गात सोडण्याआधी पशुवैद्यकाचा दाखला मागितला जातो आणि तो अनेकदा उभ्या उभ्या लिहिला जातो. जबरदस्तीने भरवलेला, आतडे गच्च भरलेला मांडूळ ‘तंदुरुस्त’ म्हणून सोडला तर तो बिळात जाऊन मरतो, आणि कागदावर मात्र सुटका यशस्वी ठरते. हे थांबवणे सर्वस्वी आपल्या हातात आहे. दाखल्यावर वजन, कोठडीतले तापमान, शेवटचे खाणे आणि शेवटची विष्ठा या चार गोष्टी लिहा; विष्ठा पडलेली नसेल तर सही थांबवा, ऊब आणि पाणी द्यायला सांगा, गरज पडल्यास उदगीर किंवा परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयाकडे पाठवा. आणि या चार नोंदींची एक प्रत आमच्याकडेही पाठवा. मराठवाड्यातल्या मांडुळांवरच्या आपल्याच नोंदी पुढच्या अंकांतून छापायची आमची तयारी आहे.