नवी साखळी, जुने दाते

सुदुंबऱ्याच्या एका भगिनींनी विचारले आहे : दुधाच्या सायकलला नवी चेन टाकली, तर ती जुनीपेक्षाही जास्त सटकते. दुकानदाराने फसवले काय?

बहुधा नाही. थकलेल्या बैलाच्या जोडीला तरणा बैल जुंपावा, तसे झाले आहे. साखळीच्या दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच असते. पिना झिजल्या की ते वाढते. साखळी ताणली असे आपण म्हणतो ते हेच. तिच्या ओढीने दातेही तसेच झिजतात. मग नवी, नेमक्या मापाची साखळी त्या दात्यांत बसत नाही व जोर लावताच वर चढते. पुढे ४४ आणि मागे १८ दाते असले, तर मागचा एकेक दाता जवळजवळ अडीचपट वेळा ओढ खातो. म्हणून आधी फ्रीव्हील जाते.

हे दुखणे हसण्यावारी नेऊ नका. तळेगाव-चाकण रस्त्याला मागे मालट्रक असतो, कॅरियरला किटल्या असतात, आणि चढावर पेडलवर उभे असताना साखळी सटकली तर माणूस थेट दांडीवर आदळतो.

तेव्हा पैसे काढण्याआधी घरातला टेप काढा. साखळीची वरची बाजू ताणून धरा, एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा व चोवीस कड्या मोजा. बरोबर १२ इंच भरले तर साखळी ठीक. एक सोळांश इंच जास्त भरले तर साखळी लगेच बदला, दाते वाचतील. एक अष्टमांश वाढले असेल तर फ्रीव्हीलही बदलावे लागणार, हे धरून चला. पुढच्या चक्राची परीक्षा सोपी आहे : समोरच्या टोकाला साखळी चिमटीत धरून ओढा. अर्धा दाता उघडा पडला, किंवा दाते विळ्यासारखे वाकलेले दिसले, तर तेही गेले.

साखळी जागेवर असून पेडल मोकळे फिरत असेल, तर फ्रीव्हीलचे कुत्रे धरत नाहीत. रॉकेल मिळाले तर रॉकेलने, नाही तर डिझेलने धुऊन पातळ तेल सोडून पाहा. प्रत्येक फेऱ्याला पाय कटकन निसटत असेल, तर कॉटर पिन ढिली आहे. ती नट आवळून बसत नाही. क्रँकखाली लोखंडी नळीचा आधार देऊन हातोडीने ठोकावी, मग नट आवळावा. आधार न दिल्यास घाव आतल्या छऱ्यांवर बसतो.

फ्रीव्हील मात्र छिन्नीने काढू नका. पुलर असलेल्या कारागिराकडेच जा. आणि दूध किंवा पोती वाहायची असतील तर १८ ऐवजी २० दात्यांचे मागा. पेडलच्या एका फेऱ्यात सायकल ५.४ मीटर जायची ती ४.९ मीटर जाईल, पण चढावर गुडघ्यांचा भार हलका होईल. सपाटीवर थोडे जास्त पाय मारावे लागतात, याची तक्रार तरुण मुलेच करतात!

संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीच्या गावाला तेलाची महती मी काय सांगावी? तरीही घाण्याचे तेल साखळीला घालू नका. करडईसारखे तेल हवेने सुकून चिकट होते, त्यात धूळ बसली की कानशीच होते. मशीनचे तेल थेंबथेंब पिनांवर सोडा, साखळी फिरवा आणि वरचे सारे फडक्याने पुसून घ्या. भातखाचरातून आलेली सायकल चिखलासकट उभी करू नका. धुऊन, सुकवून, मग तेल.

नवी साखळी बसवल्यावर मधोमध दाबून अर्धा-पाऊण इंच हलली पाहिजे. लॉकची बंद बाजू साखळी धावते त्या दिशेला ठेवा. उलटी बसली तर शेतातल्या काडीत अडकून ती वाटेत निघते.