पेन टूल तुमचं, सॉफ्टवेअर भाड्याचं!

डिझाइनच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलात की दोन प्रश्न लगेच समोर येतात. पेन टूल कधी जमणार? आणि सॉफ्टवेअरचे पैसे कोण भरणार? पहिल्यासाठी यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत. दुसऱ्यावर मात्र वर्गात कुणी बोलत नाही, क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरचा पेनड्राइव्ह तेवढा गुपचूप फिरतो.

पूर्वी इलस्ट्रेटर एकदा विकत घेतलं की ते आपलं असायचं. 2013 मध्ये अ‍ॅडोबीने नव्या आवृत्त्या फक्त भाडेतत्त्वावर द्यायचं ठरवलं. हप्ता थांबला की काम थांबलं. जून 2024 मध्ये तर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर दावाच लावला. वर्षभराची योजना मध्येच सोडल्यास लागणारं शुल्क ग्राहकांना नीट सांगितलं जात नाही, असा आरोप होता. कंपनीने तो फेटाळला.

दुसरीकडे वारं बदलतंय. इंकस्केप 2003 पासून मोफत आहे. कॅनव्हाने 2024 मध्ये अ‍ॅफिनिटी विकत घेतलं आणि 2025 च्या ऑक्टोबरमध्ये ते फुकट करून टाकलं. पण फुकट म्हणजे कायमचं असं समजू नका. आज मोफत देणारी कंपनी उद्या धोरण बदलू शकते.

मग शिकायचं काय? कॉलेजात इलस्ट्रेटर, गावातल्या फ्लेक्सवाल्याकडे कोरल ड्रॉ आणि अ‍ॅपच्या डिझाइनची नोकरी लागली तर फिग्मा. प्रत्येकाची बटणं वेगळी. पण आतली वक्ररेषा एकच, बेझिए कर्व्ह! फ्रान्समधल्या रेनॉ कंपनीचे इंजिनिअर पिएर बेझिए यांनी 1960 च्या दशकात गाड्यांच्या बॉडीचे आकार काढायला ती वापरली. इलस्ट्रेटर आलं 1987 मध्ये. म्हणजे तुम्ही ज्याच्याशी झगडताय ते गणित या सगळ्या सॉफ्टवेअरपेक्षा जुनं आहे.

म्हणून आज एक करून बघा. कागदावर मोठा 'ळ' काढा, फोटो घ्या आणि कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये तो पेन टूलने गिरवा. पहिल्यांदा तीस-चाळीस पॉइंट पडतील आणि गोलाई ठेचकाळल्यासारखी दिसेल. मग पॉइंट कमी करत जा. वळणाच्या अगदी वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या टोकाला एकेक पॉइंट ठेवा. हँडल आडवं किंवा उभंच ओढा. 'ळ' गोल झाला की समजा, हात बसला. हा हात कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चालतो.

आणि दोन सवयी लावून घ्या. प्रत्येक कामाची एक प्रत एसव्हीजी किंवा पीडीएफमध्ये ठेवा, म्हणजे भाडं थांबलं तरी काम अडकणार नाही. प्रेसला फाइल देताना मजकुराचे कर्व्ह करा, नाहीतर तिथे तुमचा फॉन्ट नसला तर मराठी जोडाक्षरं तुटलीच म्हणून समजा. बदल करता येईल अशी मूळ प्रत मात्र स्वतःकडे हवीच.

नोकरीच्या जाहिरातीत सॉफ्टवेअरचं नाव असतं, त्यामुळे ते शिकावं लागेलच. पण फी भरून कॉलेजातून काय घेऊन बाहेर पडायचं, बटणांची पाठ केलेली यादी की वळण ओळखणारा डोळा, हे तुम्हीच ठरवा. डोळ्याला दरमहा भाडं पडत नाही!