ताप्ती मिलचा भोंगा पुन्हा वाजवूया

बुऱ्हाणपूरकरांनो, आणि रावेर-सावद्यापासून भुसावळपर्यंतच्या खानदेशी भावंडांनो, लालबागची ताप्ती मिल मार्च 2020च्या टाळेबंदीत थांबली. टाळेबंदी उठली, गाड्या धावू लागल्या, केळीचे ट्रक भरू लागले. मिल काही पूर्ववत झाली नाही. आणखी गप्प बसलो तर यंत्रं भंगारात जातील, जमिनीचे प्लॉट पडतील.

आपलं शहर बाहेरून आलेल्या माणसांनी उभं केलंय. खानदेशच्या फारुकी सुलतानांनी ते वसवलं आणि सूफी संत शेख बुऱ्हाणुद्दीनांचं नाव दिलं. सिंधमधून सूफी आणि विणकर आले. गुजरातेतून व्यापारी आले. 1857 नंतर उत्तरेकडचे मोमीन विणकर याच वाटेने उतरले. काही इथे थांबले, काही मालेगाव-भिवंडीला गेले. सतराव्या शतकात इथून गेलेल्या तावेर्निये या फ्रेंच प्रवाशाने नोंदवलंय, की बुऱ्हाणपूरचं तलम कापड इराण, तुर्कस्तान, कैरो, अगदी पोलंडपर्यंत जातं. 1906मध्ये मिल उभी राहिली तीही याच हातांच्या भरवशावर. हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. इटलीतल्या प्रातो या कापडाच्या गावात गेल्या तीसेक वर्षांत चीनमधून हजारो माणसं येऊन राहिली. माग चालतो तिथे बिऱ्हाडं येतात, मग ती कुठलीही असोत. आपण मात्र पोरांना सुरतेच्या गाडीत बसवून देतोय.

कुणी म्हणेल, मिल तोट्यातच होती. होती ना! आजारी होती म्हणून तर 1974मध्ये केंद्र सरकारने ती ताब्यात घेतली. आजारी माणसाला घरी आणून दार लावून घेणं याला उपचार म्हणत नाहीत. आणि शहरात पॉवरलूम आहेत, हे मला सांगू नका. तिथे विणाल तेवढी मजुरी. वीज गेली की तीही गेली. मिलच्या नोकरीला फंड होता, ग्रॅच्युइटी होती, त्यावर लेकीचं लग्न ठरायचं. आणि बंद गिरणी सुरू झाल्याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यातली नेपानगरची कागद गिरणी वर्षानुवर्षं बंद होती. नूतनीकरणाला पैसे मिळाले आणि 2022मध्ये ती सुरू झाली. केंद्राने तिथे मनावर घेतलं, ते लालबागेत का नको?

म्हणून शनवारा, इतवारा, सिंधीपुरा, शहापूर, सगळीकडून पत्रं जाऊ द्या. एक केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाला, एक खंडव्याच्या खासदारांना. मागणी एकच: मिल चालवण्याचा निर्णय तारखेसह जाहीर करा, आणि तोवर एकही यंत्र फाटकाबाहेर जाता कामा नये. निवृत्त कामगारांनी हजेरीकार्डं, पगारपत्रकं, फंडाचे कागद जपून ठेवावेत. थकबाकीचा हिशेब त्यावरच होईल. सूत आणि कापड व्यापाऱ्यांनो, मिल सुरू झाली तर किती माल उचलाल ते लेखी द्या, तुमच्या त्या कागदाला दिल्लीत आमच्या घोषणांपेक्षा जास्त वजन आहे. सुरत-भिवंडीला गेलेल्यांनीही लिहावं. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, हिंदीत लिहा, पण याच आठवड्यात टपालात टाका.